आमच्या सासूबाई आणि ‘जुन्या वस्तू’

त्या शनिवारी दुपारी जेवून मी नेहमीसारखा झोपलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझ्या झोपेबद्दल आमच्या घरात फारसं चांगलं बोललं जात नाही. पण चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मी झोपेत कुणाचं नुकसान केल्याचं एकही उदाहरण नाही. जे काही केलं ते सगळं जागेपणी.

त्या दिवशी मात्र मी ठरवलं, झोपायचं नाही. सोसायटीच्या वेबसाइटची घडी बसवायची.

हे काम सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात घातलं होतं, म्हणजे खरं सांगायचं तर मीच मान पुढे केली होती. आमच्या सोसायटीत तीन इमारती, शहाण्णव घरं. पहिल्या मजल्यावरच्या प्रोग्रामर ताईंनी हौसेनं वेबसाइट करून दिलेली. तिच्यात मजकुराचे प्रकार पाडलेले होते: सूचना, तक्रारी, कार्यक्रम, आपली माणसं, जुन्या वस्तू आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. आता लोक म्हणजे आळशी. पंखा द्यायचाय, टाक ‘इतर’मध्ये. सायकल नकोय, टाक ‘इतर’मध्ये. मीटिंगमध्ये मला राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो, “ज्या दप्तरात ‘इतर’ नावाचा गठ्ठा सगळ्यात जाड, ते दप्तर नव्हे, ती अडगळ!” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सेक्रेटरी सर्वांत पुढे होते. टाळ्या थांबताच त्यांनी वेबसाइटचा पासवर्ड माझ्या हातात ठेवला.

मला भीती वाटली नाही. तीस वर्षं मी रेकॉर्ड रूममध्ये कारकून आहे. गठ्ठा लावण्याची माझी एक पद्धत आहे. गठ्ठा सोडायचा, वरचे दहा कागद बघायचे, काय आहे ते कळतंच, मग वर चिठ्ठी लावायची, लाल फीत बांधायची आणि फडताळात सरकवायचा. (खालचे कागद बघत बसणारे कारकून निवृत्तीपर्यंत पहिल्याच गठ्ठ्यात असतात.) या पद्धतीनं मी हजारो गठ्ठे लावले. एकाबद्दलही तक्रार आली नाही. तक्रार यायला आधी कागद सापडावा लागतो, हा भाग वेगळा.

तर मी ‘इतर’ उघडलं. समोर दहा नोंदी दिसल्या. टेबलफॅन, पाळणा, पाण्याचा पंप, लहान मुलाची सायकल, दोन खुर्च्या… दहाच्या दहा वस्तू. म्हटलं, चला, हा गठ्ठा वस्तूंचा. ‘प्रकार काढून टाका’ हे बटण दाबलं. वेबसाइटनं विचारलं, ‘यातील ४१ नोंदी कोणत्या प्रकारात हलवायच्या?’ मी निवडलं, ‘जुन्या वस्तू’. ती बिचारी परत विचारते, ‘नक्की?’ मी म्हणालो, “नक्की!” (मोठ्यानं म्हणालो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “काय नक्की?” मी म्हणालो, “काही नाही.” तेव्हा खरंच काही नव्हतं.)

पानाच्या तळाशी ‘पुढे’ असा एक बारीकसा बाण होता, तो मी पाहिला नाही. त्या बाणापलीकडे एकतीस नोंदी होत्या आणि त्यातली सगळ्यात शेवटची, अगदी कालची, माझ्या सासूबाईंची होती.

इथे सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय पंचाहत्तर. आवाज अजून तासाची घंटा झाल्यासारखा. त्यांच्यासमोर मी आजही हात मागे बांधून उभा राहतो, आणि त्यांनी “बसा” म्हटल्याशिवाय स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या खुर्चीवर बसत नाही. मी त्यांना भितो. हे मी लपवत नाही, कारण लपण्यासारखं ते नाहीच.

गेल्या वर्षी त्या त्यांच्या घरी न्हाणीघरात पडल्या. एकट्याच. चार तास तशाच पडून होत्या, दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून माझी बायको एकच धोशा लावून होती, आई, आता आमच्याकडे कायमची ये. शेवटी त्या म्हणाल्या, “महिनाभर येते. बघते. मग सांगते.” आल्या. पण बॅग काही रिकामी केली नाही. बॅग पलंगाखाली, रोज तीतून कपडे काढायचे, धुऊन वाळले की घडी करून परत तीतच. महिना रविवारी संपत होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

बायकोनं म्हणून आदल्या दिवशी वेबसाइटवर आईबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आईची शाळा, आईचं गणित, आई पहाटे पाचला उठून घर कसं डोक्यावर घेते वगैरे. शेवटी, ‘तिनं आता इथेच राहावं असं मला फार वाटतं.’ तोंडावर बोलली असती तर दोघी रडल्या असत्या आणि मग दोघी भांडल्या असत्या, म्हणून लिहून. ‘आपली माणसं’ या प्रकारात का नाही टाकलंस, असं मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, “अजून इथली झाली कुठे ती? उद्या नाही म्हणाली तर? म्हणून ‘इतर’मध्ये टाकलं.”

हे सगळं मला पाच वाजून बारा मिनिटांनी कळायला लागलं. दर शनिवारी पाच वाजता वेबसाइट शहाण्णव घरांना मेल पाठवते, ‘या आठवड्यातील जुन्या वस्तू’. पाच वाजून बारा मिनिटांनी माझा फोन वाजला.

“नमस्कार, डेंटिस्ट बोलतोय, बी बिल्डिंग. तुमची नोंद पाहिली. अजून आहेत का हो?”

“काय?”

“काय नाही, कोण. सासूबाई.”

“आहेत की. आत पेपर वाचतायत.”

“मग आम्हाला द्याल का? रोज संध्याकाळी दोन तास पुरेत. मुलगी नववीत आहे हो, गणितात पार ढेपाळलीय. आम्ही न्यायला येऊ, आणून सोडू. आणि तुम्ही ‘मोफत’ लिहिलंय, पण आम्ही दातांचं बघू त्यांच्या.”

मी मेल उघडला. नव्या नोंदी वर, जुन्या खाली. म्हणजे सगळ्यात वर, टेबलफॅनच्याही वर, सासूबाईंचा फोटो. चष्म्यातून थेट माझ्याकडे बघणारा. खाली लिहिलेलं:

‘आमची आई. स्थिती: वापरलेली. किंमत: मोफत. स्वतः येऊन घेऊन जावे. संपर्क:’ आणि पुढे, घर माझ्या नावावर म्हणून, माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बायकोच्या चार ओळी नोंदीच्या पार तळाशी, बारीक अक्षरांत.

‘वापरलेली’ मी लिहिलं नव्हतं, ‘मोफत’ही नव्हतं. वस्तूंच्या फॉर्ममधले रकाने रिकामे राहिले की वेबसाइट ते आपल्या मनानं भरते, हे मला प्रोग्रामर ताईंनी नंतर सांगितलं. पुढच्याच मिनिटाला मी त्यांना फोन लावला. त्या गाडी चालवत होत्या.

“काका, तुम्ही नोंदीचा वर्ग बदललात की प्रकार?”

“दोन्हींत फरक काय?”

पलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला थांबल्याचा आवाज आला.

“काका, वर्ग म्हणजे फडताळ. चुकीच्या फडताळात डबा ठेवला तर उचलून दुसरीकडे ठेवता येतो. प्रकार म्हणजे डबाच. तुम्ही दूध रॉकेलच्या डब्यात ओतलंय.”

“मग आता?”

“साइटवरची नोंद आत्ता लपवते, बाकीचं उद्या सकाळी नीट करते. पण मेल गेला तो गेला.”

जरा हायसं वाटलं. सासूबाई मेल बघत नाहीत. त्या फक्त कागदावरचं वाचतात, तेही लाल पेन घेऊन. म्हटलं, वाचलो.

तेवढ्यात दुसरा फोन. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांनी नमस्कार वगैरे काही केलं नाही.

“लाज नाही वाटत? आमची मांजर आंधळी झाली तरी आम्ही तिला कुणाला दिली नाही!”

तिसरा फोन तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचा. त्या हळूच बोलल्या. “भाऊ, खरंच देताय का हो? मुलं तिकडे लांब. चहाचे दोन कप मांडायची सवय जात नाही माझी. आल्या तर माझ्या खोलीला खिडकी आहे म्हणावं.” माझ्या तोंडून निघून गेलं, “काकू, दिली. मघाशीच दिली.”

मागे बायको उभी होती.

“काय दिलं?”

“पंखा.”

“आपला पंखा?”

“नाही, म्हणजे… दुसऱ्यांचा.”

“दुसऱ्यांचा पंखा तुम्ही कुणाला दिलात?”

“तिसऱ्यांना.”

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात मी खोटं बोलायला शिकलो नाही, फक्त घाबरायला शिकलो. तिनं आणखी एक प्रश्न विचारला असता तर मी सगळं ओकलो असतो. पण कुकरची शिट्टी झाली आणि ती आत वळली.

आणि मग मला सेक्रेटरी आठवले. ज्यांना मेल वाचता येत नाही अशा ज्येष्ठांसाठी ते दर शनिवारी हा मेल छापतात. मोठ्या अक्षरांत. आणि साडेपाच वाजता स्वतः जाऊन तिन्ही इमारतींच्या लिफ्टमध्ये चिकटवतात. सोसायटीत चिकटवण्याचं कुठलंही काम ते दुसऱ्यावर सोपवत नाहीत.

घड्याळात पाच छप्पन्न झाले होते. सासूबाई सहाच्या ठोक्याला फिरायला जातात. लिफ्टनं.

त्या काठी घेऊन बाहेरच्या खोलीत आल्याच.

“आई,” मी म्हणालो, “लिफ्ट बंद आहे.”

“मग जिन्यानं जाते.”

चार मजले! आणि न्हाणीघरात आपटलेला तो गुडघा! जिन्यात पडलेल्या सासूबाई माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. “नको नको, बंद होती. आता चालू असेल. मी बघून येतो!” असं म्हणून पायांत एक माझी आणि एक बायकोची चप्पल घालून मी धावलो.

लिफ्टमध्ये शिरलो. आरशाशेजारी तो कागद होता. मोठ्या अक्षरांत. फोटोसुद्धा मोठा. मी नखानं कोपरा उचलला. सेक्रेटरींचा चिकटपट्टीवर फार जीव, चारही बाजूंनी दुहेरी लावलेली. मी ओढतोय, कागद फाटतोय, ‘मोफत’ माझ्या हातात आणि ‘आमची आई’ भिंतीवर, एवढ्यात लिफ्ट खाली गेली. खाली कुणीतरी होतं, आत वाकून बघितलं, माझा अवतार बघून म्हणालं, “जा तुम्ही,” आणि लिफ्ट परत वर आली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं.

समोर सासूबाई.

कागद पूर्ण निघाला होता. दोन तुकड्यांत. दोन्ही मी पाठीमागे धरले होते.

“काय आहे ते?”

“काही नाही.”

“दाखवा.”

पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबऱ्यावरच्या माणसानं किती पटकन हात पुढे करावा? मी दोन्ही तळवे एकदम पुढे केले, छडीसाठी करतात तसे, प्रत्येकावर एक तुकडा. त्यांनी तुकडे घेतले, लिफ्टच्या भिंतीवर जुळवले, चष्मा नीट केला आणि वाचायला लागल्या. दार बंद व्हायला येई, त्यांच्या काठीला लागून परत उघडे. चार वेळा असं झालं. त्या संथपणे वाचत होत्या आणि माझी पाचावर धारण बसली होती. लेकीनं लिहिलेला तो बारीक अक्षरांतला मजकूर छापील कागदावर आलाच नव्हता. तिथे फक्त शीर्षक आणि ते रकाने.

“वापरलेली,” त्या म्हणाल्या. मग, “मोफत.”

“आई, हे माझं काम. हिचा काही संबंध नाही. मी ‘इतर’ रिकामं करायला गेलो आणि…”

“कुणाकुणाचे फोन आले?”

मी हजेरी सांगावी तसं सांगितलं. डेंटिस्ट, बी बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, रागात. शिवणवाल्या काकू, तळमजला. शिवाय एक मेल, सी बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या बँकेतल्या साहेबांचा.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि मला बाहेर काढून खाली निघून गेल्या.

घरात जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, “ती आता जाईल. मलाच ती नको झालीय, असं वाटेल तिला.” पुढे एवढंच बोलली, “त्या घरात परत एकटी.”

एरवी सासूबाई पावणेसातला परत येतात. पावणेसात वाजून गेले. सात झाले. मी गॅलरीतून बघून आलो, फाटकापर्यंत जाऊन आलो, रखवालदाराला विचारलं. त्यानं बाहेर जाताना पाहिलं नव्हतं, पण त्यानं कधीच कुणाला पाहिलेलं नसतं. परत येऊन मी पलंगाखाली वाकलो. “बॅग आहे!” मी ओरडलो.

“बॅगेचं काय सांगताय?” बायको म्हणाली. “रागावली की ती काही घेऊन जात नाही.”

साडेसात झाले. आता मला सासूबाईंची भीती वाटत नव्हती. सासूबाईंसाठी वाटत होती, आणि ती फार वाईट. डोळ्यांपुढे एकच चित्र, ते न्हाणीघर, आणि बाहेर न वाजणारं दार. माझ्या दहा कागदांच्या शहाणपणानं एका म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढलं होतं. बायको चप्पल घालत होती. मी तिला तिची दुसरी चप्पल माझ्या पायातून काढून दिली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सासूबाई. हातात पिशवी.

“कुठे होतीस तू?” बायको रडायलाच लागली.

“घरं बघत होते,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “एवढ्या लोकांनी मागणी घातली, बघायला नको? जावईबापू, बसा.”

मी बसलो.

“डेंटिस्टकडे टीव्ही बंदच होत नाही. मुलगी हुशार आहे, अपूर्णांक कच्चे आहेत. सोमवारपासून तिला इकडे पाठवतील. बँकेतल्या साहेबांना आई नको होती, पाण्याचा पंप हवा होता, त्यांनी चुकून पहिल्या नोंदीला उत्तर दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं मागणी घातली नव्हती, पण तिनं मला लाडू दिला, आणि जावयाबद्दल बरंच काही सांगितलं. ते मी वेगळं बोलेन.” इथे त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “शिवणवालीकडे मात्र बसले होते. चांगली बाई आहे. तिच्याकडे रोज चार वाजता चहाला जाणार आहे. आणि तिनं तिच्या फोनवर मला तू लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं.”

बायको डोळे पुसत होती.

“दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय,” सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा घंटेसारखा आवाज जरा चिरकला. “महिनाभर मला वाटत होतं, तू कर्तव्य म्हणून म्हणतेयस, राहा. पडलेल्या आईला कोण जा म्हणेल? म्हणून बॅग तशीच ठेवली. मोठं कपाट कुणाचं आहे?”

“माझं,” मी म्हणालो. त्यात माझ्या तीस वर्षांच्या फायलींच्या नकला होत्या, जपून ठेवलेल्या.

“आज रिकामं करा.”

केलं. तासाभरात. बॅग उघडली गेली, कपडे कपाटात गेले, आणि रिकामी बॅग माझ्या फायलींसकट माळ्यावर गेली. एवढा आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता. (झालेली नाही, पण झाली असती तरी.)

रविवारी सकाळी प्रोग्रामर ताई आल्या. सासूबाई त्यांच्या शेजारी लाल पेन घेऊन बसल्या आणि एकेचाळीस नोंदी एकेक वाचून लावल्या. शेवटची नोंद ‘आपली माणसं’मध्ये गेली. ‘इतर’ परत सुरू झालं, कारण सासूबाईंचं मत पडलं की शाळेत मागचा बाक लागतोच. पासवर्ड माझ्याकडून काढून त्यांना देण्यात आला. सेक्रेटरींनी पुन्हा सर्वांत पुढे टाळ्या वाजवल्या.

हे सगळं झालं आणि मी निश्चिंत झोपलो. पुढच्या शनिवारी पाच वाजता मेल आला. सगळ्यात वर माझा फोटो. रिकामं केलेल्या कपाटासमोर उभा असलेला, घाबरलेला. खाली लिहिलं होतं: ‘जावई. स्थिती: वापरलेला. दुपारी झोपू द्यावे, जागा ठेवल्यास नुकसान करतो. मोफत. संपर्क: सासूबाई.’

मी भीतभीत वाट पाहिली. पहिल्या दिवशी कुणी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला बोलावून कागदावर छापून घेतलेलं एक उत्तर वाचून दाखवलं. सी बिल्डिंगच्या बँकेतल्या साहेबांचं होतं: ‘फोटोत मागे दिसणारं कपाट मिळेल का?’

सासूबाईंनी कळवलं की कपाट त्यांच्या वापरात आहे, ते देता येणार नाही, फक्त जावई आहे.

साहेबांचं लगेच उत्तर आलं, ‘मग राहू द्या.’